वाघांची कुंडली

जंगलातील पायवाटेवर वाघाची विष्ठा पडलेली असते. गुराख्याला ती धोक्याची खूण वाटते आणि तो गुरे दुसऱ्या वाटेने वळवतो. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने मात्र ती एका वाघाने मागे ठेवलेली ओळखच असते. आतड्याच्या अस्तरातील काही पेशी विष्ठेला चिकटून बाहेर येतात. प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा रेणू असतो. या रेणूच्या ज्या भागांत शरीराच्या घडणीच्या सूचना साठवलेल्या असतात, त्यांना जनुके म्हणतात. प्रयोगशाळेत हा मजकूर वाचला, की विष्ठा वाघाची आहे की बिबट्याची, नराची आहे की मादीची, पूर्वी नोंदलेल्या वाघाची आहे की नव्याची, हे सांगता येते. त्यासाठी वाघाला पकडावे लागत नाही, की त्याच्या जवळही जावे लागत नाही.

भारतात या विद्येचा पाया भक्कम आहे. हैदराबादच्या 'सीसीएमबी' या संशोधन संस्थेत डॉ. लालजी सिंग यांच्या पुढाकाराने संकटग्रस्त प्राण्यांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. तेथे २००६ मध्ये कृत्रिम रेतनाने चितळाचे पाडस जन्माला आले. जप्त केलेले मांस, कातडे किंवा हाड नेमके कोणत्या प्राण्याचे आहे, हे जनुकांवरून सिद्ध करता येऊ लागले. 'हे हरणाचे नव्हे, बकऱ्याचे मांस आहे' असे सांगून सुटू पाहणाऱ्या शिकाऱ्याची वाट त्यामुळे बंद झाली.

परंतु या शास्त्राचा खरा उपयोग याहून मोठा आहे. कळपातील वळू काही वर्षांनी बदलावा, हे जाणता पशुपालक अनुभवाने शिकलेला असतो. जवळच्या नात्यात संकर होत राहिला, तर पुढची पिढी दुबळी निपजते. पाळीव जनावरांसाठी माणूस ही काळजी घेतो. जंगली प्राण्यांची सोय मात्र निसर्गाने केलेली असते. वयात आलेला वाघ आईचा प्रदेश सोडून दूर निघून जातो आणि परक्या जंगलात आपले घर करतो. ही वाट शेतांनी, वस्त्यांनी, खाणींनी आणि रस्त्यांनी बंद झाली, की जंगलाचे बेट होते आणि त्या बेटावरील वाघ आपसांतच गुंततात.

ओडिशातील सिमिलिपाल हे असेच एक बेट आहे. तेथील काही वाघांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे ते काळे दिसतात. हे काळे वाघ पाहून लोकांना नवल वाटते. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले, की एका जनुकातील लहानशा बदलाने हा रंग येतो आणि सिमिलिपालची वाघसंख्या अल्प व एकाकी असल्यामुळे तो तेथे इतका पसरला आहे. काळा रंग हा स्वतः रोग नव्हे, पण आडातले पाणी आटत चालल्याची ती खूण आहे. आडातच नसेल, तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून २०२४ च्या अखेरीस महाराष्ट्रातील ताडोबाच्या जंगलातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलिपालला नेण्यात आल्या. नवे रक्त आणण्याचा हा प्रयत्न होता.

पुढे जे घडले, ते विचार करायला लावणारे आहे. झीनत सिमिलिपाल सोडून निघाली. झारखंड ओलांडून ती पश्चिम बंगालच्या पुरुलिया आणि बांकुरा जिल्ह्यांत शिरली. सुमारे तीन आठवड्यांच्या पाठलागानंतर २९ डिसेंबर २०२४ रोजी तिला बेशुद्ध करून पकडावे लागले आणि नंतर पुन्हा सिमिलिपालला आणावे लागले. कोणत्या जंगलाला कोणते रक्त हवे, हे प्रयोगशाळेने अचूक सांगितले होते. वाघिणीचे पाय मात्र प्रयोगशाळेचे ऐकत नाहीत. तिला चालायला सलग जंगल लागते.

अमेरिकेतील फ्लोरिडाचा अनुभवही हेच सांगतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे प्यूमा या मोठ्या मार्जारवर्गीय प्राण्याची संख्या वीस ते तीसवर आली होती. अनेकांच्या शेपटीला बाक, काहींच्या हृदयात दोष, अशी व्यंगे दिसू लागली होती. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या गेल्या. व्यंगे कमी झाली आणि संख्या वाढत शंभराच्या पुढे गेली. जनुकशास्त्राचा हा निःसंशय विजय होता. तरीही आज तेथील बहुतेक प्यूमांचा बळी वाहनांच्या धडकेने जातो. रक्त सुधारले, पण रस्ता सुधारला नाही.

क्लोनिंगने, म्हणजे एका पेशीपासून हुबेहूब दुसरा प्राणी घडवण्याच्या तंत्राने, ही चिंता मिटेल असे काहींना वाटते. या तंत्राच्या दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. स्पेनमधील बुकार्डो या रानबकऱ्यांपैकी शेवटची मादी २००० मध्ये मेली. तिच्या जपून ठेवलेल्या पेशींपासून २००३ मध्ये एक पिल्लू जन्मले, पण फुप्फुसातील दोषामुळे ते काही मिनिटांतच गेले. याउलट, अमेरिकेतील काळ्या पायांचे फेरेट हे प्राणी १९८७ मध्ये केवळ अठरा उरले होते. त्यांपैकी १९८८ मध्ये मेलेल्या एका मादीच्या गोठवलेल्या पेशींपासून २०२० मध्ये जिवंत मादी जन्माला आली. अशाच दुसऱ्या मादीला २०२४ मध्ये पिल्लेही झाली. हरवलेला वारसा त्या कुळाला परत मिळू शकतो, हे त्यातून दिसले. म्हणून या तंत्राला निसर्गातील ढवळाढवळ म्हणून नाकारणेही योग्य नाही. ढवळाढवळ तर जंगले तोडून माणसाने आधीच केली आहे. ती निस्तरण्यासाठी हाती आलेले साधन टाकून देणे शहाणपणाचे नव्हे.

धोका साधनात नसून त्याच्या भरवशावर निश्चिंत होण्यात आहे. प्राणी पुन्हा घडवता येतो, अशी समजूत रुजली, तर तो वाचवण्याची निकड कोणाला वाटेल? भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली, तेव्हा दोष त्यांच्या जनुकांत नव्हता. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधात होता. २००६ मध्ये त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली, तोच खरा उपाय होता. कारण न शोधता गिधाडे प्रयोगशाळेत घडवली असती, तर ते 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' असे झाले असते.

नागपूरजवळ पेंचच्या जंगलातून राष्ट्रीय महामार्ग जातो. बराच काळ चाललेल्या न्यायालयीन वादानंतर तेथे महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून जाणारे नऊ मार्ग ठेवण्यात आले. त्या मार्गांवरून वाघ जाताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. मध्य भारतातील जंगलांमध्ये वाघांची ये-जा होते, हे जनुकांच्या अभ्यासाने सिद्ध केले. ती ये-जा चालू राहावी, यासाठी काँक्रीट, पैसा आणि लोकमत यांची गरज लागली. ज्ञान आणि कृती यांची अशी जोड मिळाली, तरच विज्ञानाला अर्थ येतो.

कुंडली कितीही अचूक मांडली, तरी तिने घर उभे राहत नाही. वाघांची कुंडली आज मानवाच्या हाती आली आहे. त्यांचे घर राखायचे की नाही, हा निर्णय मात्र कोणतीही प्रयोगशाळा त्याच्या वतीने घेऊ शकत नाही.