चिखलात रुतलेली सहल
(भटक्या काकांची शिदोरी)

बालमित्रांनो, सहल म्हटली की तुम्ही काय काय ठरवता? डबे, पत्ते, गाण्याच्या भेंड्या, खिडकीजवळची जागा. आम्ही मोठी माणसंही असंच ठरवतो आणि कधी कधी तुमच्यासारखीच तोंडं पाडून बसतो. आज तशाच एका फजितीची गोष्ट.

डिसेंबर २०१७ मधली. आम्ही तिघे शाळेपासूनचे मित्र, आमच्या घरची मंडळी आणि पाच मुलं. एका मित्राकडे जुनी मोठी व्हॅन होती. मागची बाकं काढून त्यानं तिथं गाद्या टाकल्या, खिडक्यांना पडदे लावले, पाण्याचं पिंप ठेवलं. झालं आमचं फिरतं घर! इंग्रजीत याला 'कॅरव्हॅन' म्हणतात. पण हा शब्द मूळचा फारसीतला, 'कारवाँ'. उंट-घोड्यांवर माल लादून एकत्र निघालेल्या व्यापाऱ्यांचा तांडा म्हणजे कारवाँ. आमचा कारवाँ निघाला होता घोड्यांच्याच गावाला, सारंगखेड्याला!

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर हे गाव आहे. इथं एकमुखी दत्ताचं देऊळ आहे आणि दत्तजयंतीला मोठी यात्रा भरते. यात्रेतला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी घोडे घेऊन येतात. त्या वर्षी दत्तजयंती होती ३ डिसेंबरला, रविवारी. धुळे, दोंडाईचा करत आम्ही दुपारी पोचलो. पांढरे, काळे, अबलख घोडे! मारवाडी घोड्याचे कान पाहिलेत कधी? टोकं आत वळून एकमेकांना भिडतात. मुलं तर हरखूनच गेली.

आता गाडी कुठं लावायची? मित्र म्हणाला, "रस्त्याकडेला मुरमावर लावू." मी म्हटलं, "छे! घोड्यांजवळच लावू. सकाळी पडदा सरकवला की घोडे दिसले पाहिजेत." जागा होती काळ्या मातीच्या शेताची. मित्र "नको" म्हणत होता. मी हट्ट धरला. शेवटी माझंच खरं झालं.

सोमवारी आभाळ भरून आलं. डिसेंबरात पाऊस? हो! श्रीलंकेजवळ तयार झालेलं 'ओखी' नावाचं चक्रीवादळ केरळ, लक्षद्वीपकडून अरबी समुद्रातून वळून सुरतच्या दिशेनं येत होतं. सुरत आणि सारंगखेडा, दोन्ही तापीकाठचीच गावं. वादळ किनाऱ्याला येईपर्यंत विरलं, पण त्याचे ढग आमच्या डोक्यावर आलेच.

रात्री पावसाला सुरुवात झाली. व्हॅनचं छत एका कोपऱ्यात गळू लागलं. गाद्या गुंडाळल्या, मुलं आईला चिकटली. गाडी हलवायला गेलो, तर चाकं जागच्या जागी गरगरा फिरायला लागली. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी घसरडी होते. चाकाला पकडच मिळत नाही. जितकी चाकं फिरवावीत तितकी ती खोल जातात. थोड्या वेळानं तर इंजिनच बंद पडलं.

मित्र तडकला, "सांगितलं होतं ना तुला!" मीही चिडून म्हटलं, "तुझी गाडीच खटारा!" मग कोणी कोणाशी बोलेना. त्यात मित्राच्या मुलीची दुसऱ्या दिवशी चाचणी होती. ती मुसमुसत होती.

तेवढ्यात माझ्या पुतण्यानं पडदा सरकवला आणि म्हणाला, "काका, ते पिल्लू बघा."

शेजारी राजस्थानातल्या एका व्यापारीबाबांची घोडी होती, तिच्या पायाशी लहानगं शिंगरू. दोन्ही चिंब. बाबांनी स्वतःच्या अंगावरचं कांबळं शिंगरावर घातलं होतं आणि आपण नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत उभे होते. मुलांनी आम्हाला विचारलंसुद्धा नाही. आमची ताडपत्री आणि दोन ब्लँकेटं घेऊन ती खाली उतरली. मग आम्हाला गाडीत बसवेना. मित्रानं आणि मी न बोलता ताडपत्रीची दोन टोकं धरली आणि दोऱ्या बांधल्या. शिंगरू आडोशाला आलं. एक ब्लँकेट बाबांना दिलं.

सकाळी पाऊस मंदावला. चहाच्या टपरीवरचे आबा आले. "काय व्हयनं भाऊ? गाडी बंद पडनी का?" अहिराणीत विचारत त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते आणि ठिणगीला हजारो व्होल्टची वीज. ओल शिरली की ही वीज भलत्याच वाटेनं निसटते. मग कितीही चावी फिरवा, इंजिन ढिम्म! आबांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि चुलीच्या उबेला धरून वाळवलं. तिसऱ्या खेपेला इंजिन धडधडलं!

पण चाकं? व्यापारीबाबा भिजलेल्या कडब्याच्या पेंढ्या घेऊन आले. भिजून बुरसलेला चारा घोड्याच्या पोटात गेला तर त्याला जीवघेणा पोटशूळ होतो, म्हणून तो खायला घालता येणार नव्हता. तो त्यांनी चाकांखाली अंथरला. आठ-दहा जणांनी 'हेइसा' करून ढकललं आणि आमचं घर मुरमावर आलं. त्या चाऱ्याचं नुकसान बाबांना झालंच होतं. आम्ही पैसे पुढे केले, तर त्यांनी ताडपत्रीकडे बोट दाखवून मान हलवली. आम्ही ताडपत्री तिथंच ठेवली.

परतताना मी मित्राला म्हटलं, "चूक माझी होती." तो म्हणाला, "छत गळतं हे मला ठाऊक होतं. मीही बोललो नव्हतो." बस्स, एवढंच. दोंडाईच्याला गरम भरीत-भाकरी खाताना दोघंही हसत होतो. चाचणी बुडाली ती बुडालीच.

घरी आल्यावर वर्तमानपत्रं वाचली. त्याच ओखीत केरळ आणि तमिळनाडूचे कितीतरी मच्छीमार समुद्रातून परतले नव्हते. आमची एक रात्र भिजली म्हणून आम्ही भांडलो होतो! 'ओखी' हे नाव बांगलादेशानं दिलेलं. बंगालीत त्याचा अर्थ डोळा. आमचे डोळे मात्र मुलांनी आधीच उघडले होते.

आता तुमच्यासाठी एक काम. काळी माती, लाल माती आणि वाळू एकेका वाटीत घ्या. सारखंच पाणी घाला आणि कोणती माती बोटांना जास्त चिकटते ते पाहा. मग सांगा, गाडी कुठं लावायची?

तुमचा,
भटक्या काका