झेडपी शाळेचा निकाल कसा वाचायचा?

'सरकारी शाळेतल्या पोरांना वाचताही येत नाही' हे तुम्ही ऐकलंच असेल. 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार, ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं. आकडा कमीच आहे, पण वाढतोय.

आता वर्गात कोण बसलंय ते पाहा. बीडमधली अनेक मुलं दिवाळीच्या सुमारास आईवडिलांसोबत ऊसतोडीला जातात आणि काही महिन्यांनी परततात. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला शिक्षक दोनच, इयत्ता मात्र चार-पाच.

खासगी शाळेशी थेट तुलना केली, तर घरची परिस्थितीही शाळेच्या खात्यात मांडली जाते. त्यापेक्षा विचारा: हे मूल जूनमध्ये कुठे होतं आणि एप्रिलमध्ये कुठवर पोचलं?