विश्लेषण : अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ अचानक का घटू लागला?

जग तापत असतानाही अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ अनेक वर्षे हळूहळू वाढत होता. २०१६ मध्ये हे चित्र पालटले. त्यामागे केवळ हवा नव्हे, तर समुद्रातील बदलही असल्याचे दिसू लागले आहे.

घट किती?

सप्टेंबर २०१४ मध्ये, तेथील हिवाळ्याच्या अखेरीस, या बर्फाचा विस्तार २ कोटी चौरस किलोमीटरवर गेला. उपग्रह नोंदींतील हा उच्चांक. फेब्रुवारी २०२३ मध्ये उन्हाळी विस्तार सुमारे १७.९ लाख चौरस किलोमीटर या नीचांकावर आला. त्याच वर्षी हिवाळ्यातही तो १ कोटी ७० लाखांपर्यंत पोहोचला नाही.

समुद्रात काय बदलले?

बहुतेक समुद्रांत उबदार पाणी वर असते. अंटार्क्टिकाभोवती मात्र थंड, कमी खारे पाणी वर आणि तुलनेने उबदार, पण अधिक खारे व म्हणून जड पाणी खाली असते. वरचा थर झाकणासारखा खालची उष्णता रोखतो. २०१५ च्या सुमारास हा वरचा थर खारट होऊ लागल्याचे साउदम्प्टन विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील संशोधनात २०२५ मध्ये उपग्रह नोंदींवरून आढळले. खारे पाणी जड होऊन खालच्या पाण्यात मिसळते, उष्णता वर येते आणि बर्फ खालून वितळतो.

हे अनपेक्षित का?

बर्फ वितळला की गोडे पाणी मिळते. त्यामुळे वरचा थर अधिक गोडा आणि झाकण अधिक घट्ट होईल, असा अंदाज होता. घडले उलटे. २०१६ आणि २०१७ मध्ये वेडेल समुद्रातील गोठलेल्या पृष्ठभागाच्या मधोमध मोकळ्या पाण्याचे भगदाडही पडले. असे मोठे भगदाड तेथे त्याआधी १९७० च्या दशकात दिसले होते.

परिणाम काय?

हा बर्फ तरंगता असल्याने त्याच्या वितळण्याने समुद्रपातळी जवळपास वाढत नाही. पण तो सूर्यप्रकाश परतवतो आणि किनाऱ्यालगतच्या हिमस्तरांना लाटांपासून वाचवतो. हे हिमस्तर जमिनीवरील हिमनद्यांना थोपवून धरतात. ते खचले आणि हिमनद्यांचा बर्फ समुद्रात उतरला, तर पातळी वाढते, अगदी कोकण किनाऱ्यावरही. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउसेन समुद्रात बर्फ लवकर फुटल्याने एम्परर पेंग्विनच्या पाचपैकी चार वसाहतींत त्या हंगामातील पिल्ले जगली नसावीत, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

बर्फ पुन्हा वाढेल?

सलग उपग्रह नोंदी १९७० च्या दशकाअखेरीपासूनच्याच असल्याने ही घट कायमची की दीर्घ चक्राचा भाग, यावर एकमत नाही. मात्र झाकण सैलच राहिले, तर एखादा कडक हिवाळा हे नुकसान भरून काढू शकणार नाही.