संग्रह की जप्ती?

मराठी घराण्यातील सखाराम गणेश देउस्करांची लेखणी कोलकात्यात, ‘हितवादी’च्या संपादनात आणि बंगालीतच रमली. त्यांची ‘देशेर कथा’ १९०४ मध्ये निघाली; १९१० मध्ये सरकारने ती जप्त केली. त्या काळातील मूळ प्रती, पत्रे, वृत्तपत्रांचे अंक कित्येक संग्राहकांना आज इतिहासाची साधने न वाटता मिरवण्याची मिळकत वाटतात. किंमत ठरते ती कागदाच्या वयावर, मजकुरावर नव्हे. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव हिंडले ते ती छापण्यासाठी. १८९८ पासून त्यांचे साधनखंड निघू लागले. कागद वाळवीपासून वाचवणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु अभ्यासकाला दार न उघडणारा संग्रह ही दुसरी जप्तीच होय. पहिली निदान परक्यांनी केली होती.