मशीन घेण्याआधी विंझर मोजा

"नकाशांचं मोठं काम आहे" असं हार्डवेअरच्या दुकानात सांगून बघा. समोरचा माणूस सगळ्यात आधी ग्राफिक्स कार्ड काढतो. माझ्या एका मित्राला नुकतंच असं कोटेशन मिळालं. अर्ध्याहून जास्त बजेट कार्डात, रॅम 16 जीबी आणि डेटा ठेवायला साधी फिरती हार्ड डिस्क! काम काय, तर राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातल्या विंझरच्या परिसराचे उतार काढायचे, घरं कुठे आहेत ते बघायचं आणि पावसाळ्यात कुठल्या डोंगरउतारावर नजर ठेवावी ते ठरवायचं.

माझं मत असं की आधी विंझर मोजावं, मशीन नंतर.

मोजावं म्हणजे सरळ गुणाकार करावा. नसरापूरहून वेल्ह्याला जाताना मार्गासनीनंतर विंझर लागतं (तोरणा-राजगडवाल्या ट्रेकर मंडळींना हे सांगायला नकोच). गावाभोवती 10 बाय 10 किलोमीटरचा चौकोन घ्या. 2000 साली अमेरिकेच्या अवकाशयानाने रडारने मोजलेली उंची वापरली, तर एक चौकट साधारण 30 मीटरची. म्हणजे अख्ख्या परिसरात फक्त सव्वा लाखाच्या आत चौकटी! मोबाईलमधला एक फोटोसुद्धा याहून मोठा असतो. आता तोच चौकोन ड्रोनने 5 सेंटीमीटरवर टिपा. 2 लाख गुणिले 2 लाख, म्हणजे 4,000 कोटी पिक्सेल. तीन रंगांचे मिळून 120 जीबी, तेही न दाबता.

मग 30 मीटरवरच भागवावं का? नाही. एका चौकटीत 900 चौरस मीटर जमीन येते. घरांची एक ओळ आणि तिच्यामागे खोदलेला उतार, दोन्ही त्यात विरघळून जातात. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, 2021 मध्ये तळिये, 2023 मध्ये इर्शाळवाडी. सह्याद्रीत उताराचा नकाशा ही हौशी लोकांची करमणूक नाहीये.

पण म्हणून सगळीकडे 5 सेंटीमीटर हवेत असंही नाही. त्या बारकाईने उतार काढला की दगड, झुडपं आणि शेताचे बांध यांचेच उतार हाती लागतात. 1 मीटरची उंची पुरते, आणि ती अख्ख्या 100 चौरस किलोमीटरची 400 एमबीत बसते. बारीक फोटो फक्त गावठाण आणि त्याच्या डोक्यावरचा डोंगर एवढ्याचाच ठेवा. 3 चौरस किलोमीटर धरले तर 3.6 जीबी. एवढ्यासाठी साधा लॅपटॉप बास!

खरंच 120 जीबी हाताळायचेच असतील, तर मशीन कशाची वाट बघत बसणार ते बघा. बहुतेक वेळा डिस्कची. फिरती डिस्क सेकंदाला 150 एमबीच्या आसपास देते, म्हणजे नुसतं एकदा वाचायला 13 मिनिटं. एनव्हीएमई एसएसडी 3,000 एमबी देत असेल, तर 40 सेकंद.

त्याहून महत्त्वाची, आणि फुकट, गोष्ट म्हणजे फाईलची मांडणी. जीडीएएल जिओटिफ लिहिताना काही सांगितलं नाही तर ओळीओळीने लिहितं. 2 लाख पिक्सेल रुंद चित्रात एक ओळ 600 केबीची. तुम्हाला 512 बाय 512 चा तुकडा हवा असेल आणि फाईल दाबलेली असेल, तर 512 अख्ख्या ओळी उलगडाव्या लागतात. पाऊण एमबीसाठी 300 एमबीची उस्तवार! तीच फाईल चौकोनी फरशांमध्ये लिहा, म्हणजे मोजक्या फरशा वाचून काम होतं. हे न करता नवं मशीन घेणं म्हणजे गळक्या टाकीला मोठी मोटर लावणं.

डिस्कनंतर रॅम. ड्रोनचे शेकडो फोटो जोडून एक चित्र करायचं असेल (2020 पासूनच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी अशाच ड्रोनच्या फोटोंवरून होते) तर 64 जीबीच्या खाली मी तरी जाणार नाही. रॅम कमी पडली की मशीन हळू होत नाही, प्रोसेस सरळ मरते. बहुधा पहाटे तीनला. ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडतं ते इथे, फोटो जुळवताना. उतार काढताना ते नुसतं बसून राहतं. कोअरचंही तसंच. जीडीएएलचं उतार काढणारं साधन एरवी एकाच कोअरवर चालतं, बाकीचे पंधरा वारा खातात. चित्राचे तुकडे करून एकदम चालवलेत तरच त्यांचा उपयोग.

"क्लाउडवर टाक ना" म्हणणारे भेटतातच. उपग्रहाची चित्रं असतील तर अगदी खरंय. सेंटिनेल-2 ची चित्रं गूगल अर्थ इंजिनमध्ये आधीच आहेत, उतरवायचीही गरज नाही. पण ड्रोनचा डेटा आपल्याकडून वर जायचा असतो. 20 एमबीपीएसच्या अपलोडने 120 जीबी चढवायला 13 तास लागतात, तेही लाइन मध्येच तुटली नाही तर.

आणि हो, कोटेशनमध्ये यूपीएस नव्हताच. 13 तासांचं काम बाराव्या तासाला वीज गेल्यावर पहिल्यापासून सुरू करायचं नसेल, तर कार्ड एक पायरी खालचं घ्या आणि उरलेल्या पैशात यूपीएस बसवा.