हजामपट्टी

गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने विचारलं, "सर, सुट्टीत काय केलंत?" मी म्हणालो, "दोन जुन्या वस्तऱ्यांना धार लावली." तो हसला. "म्हणजे हजामपट्टीच की!" सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याबद्दल हा लेख आहे.

माझ्याकडे अकरा वस्तरे आहेत. काही भंगारातून आलेले, काही मागून घेतलेले. तीन धारेचे दगड, एक चामड्याचा पट्टा. पाच वर्षांपूर्वी मला वाटायचं की धार म्हणजे फक्त घासणं. तसं नाही. वस्तरा दगडावर सपाट ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या हव्यात. पाठीची जाडीच धारेचा कोन ठरवते. जिने हे पातं घडवलं त्या लोहाराच्या हाताने कोन आधीच बांधून दिलेला असतो. धार पुढे ठेवून ढकलायचं, टोकाशी पाठीवर उलटवायचं आणि परत यायचं. आधी हजार दाण्याचा दगड, मग चार हजार, मग आठ हजार. चामड्यावर मात्र सगळं उलट: पाठ पुढे, धार मागे. विसरलात तर पट्टा चिरतो. मी दोन चिरलेत.

एकदा जुन्या कानशीपासून वस्तरा घडवायला बसलो. पातं लालबुंद तापवून तेलात बुडवलं, पाणी पाजलं. पहिलं पातं तडकलं, दुसरं वाकलं. तिसरं जमलं, पण त्याने दाढी होत नाही, पेन्सिल होते. त्या दिवशी कळलं, ज्याला आपण 'हलकं काम' म्हणतो ते किती अवघड आहे.

आता जगाकडे पाहा. जर्मनीतल्या झोलिंगेनचं नाव कुणी कुठल्याही पात्यावर ठोकू नये म्हणून तिथे 1938 मध्ये कायदा झाला. इंग्लंडचं शेफिल्ड पोलादावर मोठं झालं. तिथले जुने वस्तरे लोक हौसेने जमवतात आणि चांगली किंमत मोजतात. आणि आपल्याकडे? आपल्या बीडच्या गुप्त्या आणि चामड्याच्या छागली निजामाच्या काळात नावाजलेल्या होत्या, इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. पोलाद आणि चामडं, वस्तऱ्याला लागतं ते सगळं या गावाच्या हातात होतं. ज्यांच्या हातात होतं त्यांची नावं मात्र आपण जपली नाहीत, फक्त त्यांची जात लक्षात ठेवली.

मी उर्दू शिकवतो म्हणून शब्दांकडे लक्ष जातं. 'सैकल' म्हणजे पोलादाला झिलई देणं. त्यावरून सैकलगर, आणि त्यावरून आपला शिकलगार. 'हज्जाम' हा अरबी शब्द. मूळ अर्थ रक्त काढून उपचार करणारा. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी अबू तैबा या हज्जामाकडून उपचार घेतले, त्याला मजुरी दिली आणि त्याच्या मालकांना त्याच्यावरचा बोजा कमी करायला सांगितलं. मिनामध्ये हाजी डोकं पुढे करतो ते कुणासमोर? अकीक्याला सातव्या दिवशी बाळाचं जावळ कोण काढतो? आपल्या इबादतीच्या दोन टोकांना हा माणूस उभा आहे. आणि आपण 'हजामपट्टी' म्हणजे निरुपयोगी काम असं म्हणतो. 'बिनपाण्याने करणं' म्हणजे लुबाडणं असं म्हणतो.

मग तेच नेहमीचं वाक्य येतं: "आपल्यात जात नसते, सर." ठीक. तुमच्या मुलीसाठी खलिफाच्या घरून पैगाम आला तर? मुलगा बीएस्सी, नमाजी, नोकरीला. मी स्वतः असा एक नकार ऐकला आहे. कारण सांगितलं, 'कुफू'. बरोबरीचं घर नाही. फिक्हच्या जुन्या ग्रंथांत पेशाची चर्चा आहे, हे खरं. पण जैनब बिन्ते जहश या कुरैशच्या नात्यातल्या बाईचा निकाह जैद या मुक्त केलेल्या गुलामाशी खुद्द पैगंबरांनीच लावला होता, हेही खरंच आहे. सोयीचं तेवढं किताबातून काढायचं आणि उरलेलं झाकून ठेवायचं, याला दीन म्हणत नाहीत. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार तिच्या पाठीशी उभे राहिले. जात नसती तर ही चळवळ लागलीच नसती.

कुणी म्हणेल, आता दुकानात ब्लेड बदलतात, वस्तरा कोण वापरतो? बरोबरच आहे. एका गिऱ्हाइकाचं रक्त दुसऱ्याला लागू नये म्हणून नवं ब्लेडच हवं. मी दुकानात जुना वस्तरा परत आणा असं म्हणत नाही. हत्यार बदललं, पण हत्यार धरणाऱ्याकडे पाहण्याची नजर तीच राहिली, एवढंच माझं म्हणणं आहे.

या हातांनी इतिहासही घडवला आहे. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. भल्याभल्या शिकलेल्यांना जे जमलं नाही ते यांनी वस्तरा खाली ठेवून केलं.

आता माझा गुन्हा. माझ्या संग्रहातला सर्वांत चांगला वस्तरा एका विद्यार्थ्याच्या आजोबांचा आहे. त्यांनी चाळीस वर्षं त्यावर संसार केला. धार कशी पाहायची हे त्यांनीच मला शिकवलं: वस्तरा केसावर ओढायचा नाही, केस वस्तऱ्यावर ठेवायचा. गेल्या ईदला घरी पाहुणे आले. एकाने तो वस्तरा उचलून विचारलं, "हा कुठला?" मी म्हणालो, "जर्मनीचा."

खोटं नव्हतं, पात्यावर झोलिंगेनचा शिक्का आहे. पण मला विचारलं होतं कुठून आला, आणि मी त्या म्हाताऱ्याचं घर गिळलं. जर्मनी म्हटलं की छंद, खलिफाचं घर म्हटलं की हजामपट्टी. माझी जीभ हा हिशोब माझ्याआधी करून मोकळी झाली होती.

म्हणून दोन गोष्टी ठरवल्या आहेत. माझ्या वर्गात 'हजामपट्टी' हा शब्द चालणार नाही, स्टाफरूममध्येही मी हसणार नाही. आणि शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला त्या आजोबांना बोलावणार आहे, वक्त्याला देतो तसं मानधन देऊन, खुर्ची देऊन. त्यांचा नातू पहिल्या बाकावर बसतो. आजोबा काय काम करायचे असं विचारलं की तो आजवर 'शेती' असं सांगत आला आहे.

हे खोटं त्याला कुणी शिकवलं? आपणच.