हवा कोणाची सोडायची?

गेल्या दिवाळीत मी एका अनोळखी माणसाच्या गाडीची हवा सोडली. पुढच्या दोन्ही चाकांची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे.

आमचं घर जळगावात, रिंग रोडच्या आतल्या एका कॉलनीत. वीस वर्षांपूर्वी इथे बंगले आणि मोकळे प्लॉट होते. आता दर तिसऱ्या बंगल्याचा दवाखाना झालाय. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मावशीला अकराच्या गाडीला सोडायचं होतं. बॅगा डिकीत टाकल्या, गेट उघडलं, तर समोर एक पांढरी गाडी आडवी. नंबर एमएच १९, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली. हॉर्न वाजवला, शेजारी विचारलं, दोन दवाखान्यांत जाऊन गाडीचा नंबर ओरडून आलो. वीस मिनिटं गेली. आमच्या गेटवर पप्पांनी कधीतरी पाटी रंगवून घेतली आहे, 'गेटसमोर गाडी लावू नये, लावल्यास हवा सोडली जाईल'. अशी पाटी तुमच्याही गल्लीत असेल. ती खरी करणारा माणूस मात्र सहसा सापडत नाही. मी उकिडवा बसलो आणि किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्हची पिन दाबून धरली. हवा जायला वाटतं त्यापेक्षा बराच वेळ लागतो. मावशी मागून म्हणत होती, "राहू दे रे, रिक्षाने जाऊ." रिक्षानेच गेलो आणि गाडी आरामात मिळाली. म्हणजे नुकसान शून्य आणि राग शंभर टक्के.

परत आलो तेव्हा गाडीचा मालक उभा होता. साठीचा, यावल तालुक्यातला शेतकरी. त्याची बायको आमच्याच ओट्यावर बसलेली, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, मांडीवर दवाखान्याची फाइल. मी थांबायला हवं होतं, पण थांबलो नाही. "वाचता येत नाही का?" इथून सुरुवात केली आणि "अक्कल" या शब्दापर्यंत पोचलो. तोही गप्प बसणारा नव्हता. "शिकेल-सवरेल दिसतो तू," तो म्हणाला. "मग मले येवढं सांग, गाडी लावू कुठी? दवाखान्याच्या खाले गाड्यांची जागा होती. तिथी मेडिकल टाकेल हे. जाय, तिथी जाऊन सोड हवा."

पंक्चरवाला पोरगा मोटरसायकलवर छोटा कंप्रेसर बांधून आला. त्याचे दोनशे रुपये मी काढले, पण त्या माणसाने घेऊ दिले नाहीत. बाई तेवढा वेळ उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत होती. मी आत जाऊन पाणी आणलं. ते तिने प्यायलं, मला वाटतं माझ्यावर उपकार म्हणून.

हा किस्सा मित्रांच्या ग्रुपवर टाकला तेव्हा दोन प्रकारची उत्तरं आली. पहिलं, 'बरोबर केलंस, यांना सिव्हिक सेन्सच नाही.' दुसरं, 'वयाचा तरी मान ठेवायचास.' दोन्हींत गृहीत एकच, की हा स्वभावाचा प्रश्न आहे. कोणाला अक्कल कमी, कोणाला संस्कार कमी. मला हे साफ खोटं वाटतं. त्या माणसाने आयुष्यभर कोणाच्या बांधावर नांगर घातला नसेल. जळगावात आल्यावर तासाभरात तो कायदा मोडणारा झाला, कारण कायदा पाळायला लागणारी जागा इथल्या कोणीतरी आधीच विकून खाल्ली होती.

कायदा काय म्हणतो ते बघा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या आधारे २०१७ मध्ये वाहन चालवण्याचे नवे विनियम आले. फुटपाथवर गाडी लावू नका. चौकाच्या अलीकडे-पलीकडे ५० मीटरपर्यंत लावू नका. दवाखान्याच्या, शाळेच्या दारात नको, कोणाच्या येण्याजाण्याच्या वाटेत नको, उभ्या गाडीला समांतर नको. सगळं योग्यच आहे. आता मोबाईलवर नकाशा उघडा आणि हे नियम टॉवर चौक, नेहरू चौक, कोर्ट चौकाच्या परिसराला लावा. प्रत्येक चौकाभोवती ५० मीटर खोडा, मग दुकानांची आणि बंगल्यांची दारं खोडा, मग हातगाड्या उभ्या असतात ती जागा खोडा. जे उरेल त्यात फुले मार्केट, गोलाणी मार्केट, दाणा बाजार आणि कोर्टाला आलेली अख्ख्या जिल्ह्याची गर्दी बसवा. बसत नाही.

बसणारही नव्हतीच, कारण ती गर्दी रस्त्यावर बसवायचा हिशोब कधीच नव्हता. ती इमारतींच्या आत बसायची होती. बांधकाम परवानगी मागताना प्रत्येक बिल्डर नकाशात पार्किंग दाखवतो. इतक्या चौरस मीटरला इतक्या गाड्या असं कोष्टक नियमावलीत असतं. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच एकत्रित नियमावली लागू आहे. एका कारसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. नकाशा मंजूर होतो आणि इमारत उभी राहते. मग बेसमेंटला शटर लागतात. पार्किंगचं नाव बदलून 'लोअर ग्राउंड' होतं. त्यात मेडिकल येतं, लॅब येते, कोचिंग क्लास येतो, साड्यांचा सेल येतो. गाड्या वर रस्त्यावर येतात. आणि मग यावलचा शेतकरी आणि पुण्याहून आलेला इंजिनिअर एकमेकांची अक्कल काढतात.

रुंद, सरळ रस्ते असते तर असं झालं नसतं, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी धुळ्याला जावं. १८१९ च्या सुमारास कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने तिथे नवी पेठ वसवली आणि सरळ गल्ल्या आखून दिल्या. त्यांना आजही नंबरच आहेत, गल्ली नंबर अमुक, गल्ली नंबर तमुक. आखणीत खोट नाही. तरी बाजाराच्या दिवशी आग्रा रोडवरून कार काढून दाखवा.

दंड वाढवून प्रश्न सुटेल म्हणावं, तर तोही वाढवून झालाय. कलम १७७ खाली पहिल्या वेळचा दंड पूर्वी १०० रुपयांपर्यंत होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो ५०० केला, पुन्हा सापडलात तर १५००. जून २०२२ मध्ये नितीन गडकरींनी आणखी एक कल्पना मांडली. चुकीच्या जागी लावलेल्या गाडीचा फोटो पाठवा, दंड १००० झाला तर ५०० तुम्हाला. टाळ्या पडल्या. मला ही कल्पना भीतीदायक वाटते. आपण आधीच भांडणात पहिल्यांदा मोबाईल काढतो, दुसऱ्यांदा आवाज. आता त्याला बक्षीस. रस्त्यावरच्या गाडीचा फोटो काढायला हजार हात उठतील, त्या गाडीची जागा खाऊन बसलेल्या शटरचा फोटो कोणी काढणार नाही. शटरवाला आपल्या ओळखीचा असतो आणि गाडीवाला अनोळखी.

ओळख हाच तर मुद्दा आहे. अशा भांडणात तीन-चार वाक्यांनंतर एक वाक्य हमखास येतं, "मी कोण आहे माहितेय का?" पाठोपाठ फोन लावला जातो. अमुक भाऊंना, तमुक साहेबांना. नियम कोणाच्या बाजूने आहे हे कोणी विचारतच नाही, कारण नियम दोघांच्याही बाजूने नसतो हे दोघांना माहीत असतं. मी गेटसमोरचा रस्ता आपला समजतो. आमच्या घराचा उतार गटारावरून पुढे रस्त्यात दीड फूट आलाय आणि कोणी गाडी लावू नये म्हणून आईने तिथे तुळशीच्या दोन कुंड्या ठेवल्यात. तुळस कोण हलवणार!

आणि हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मार्च २०२५ मध्ये मोहालीत एका तरुण शास्त्रज्ञाला शेजाऱ्याने पार्किंगच्या वादात ढकलून पाडलं आणि तो गेला. त्याची किडनी काही काळापूर्वीच बदललेली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत 'गेटसमोरची स्कूटर बाजूला घे' एवढ्यावरून एकाचा खून झाला. मी किल्लीने व्हॉल्व्ह दाबत होतो तेव्हा मी त्या रस्त्यावर किती पुढे होतो, हे मला सांगता येत नाही. हवा सोडणं हाही गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये दुसऱ्याच्या वस्तूचं मुद्दाम नुकसान करणं येतं. सरकारी मराठीत त्याला 'आगळीक' म्हणतात. एखाद्या लहान मुलाने केल्यासारखा गोड शब्द आहे.

आता सरकारचा उपाय. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं की, पार्किंगच्या जागेचा दाखला नसेल तर गाडीची नोंदणी होणार नाही. जपानमध्ये १९६२ पासून असा कायदा आहे आणि तो चालतो. तिथे पोलीस जागा खरी आहे का ते तपासतात. आपल्याकडे दाखला कशाच्या आधारे मिळणार? मंजूर नकाशाच्या. नकाशात तर आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक दवाखान्याला ऐसपैस पार्किंग आहे. म्हणजे ज्या जागेत क्रोसिन विकली जाते, त्या जागेत गाडी उभी असल्याचा दाखला. पुण्याच्या महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं होतं, तेही विरोधामुळे पाच रस्त्यांपुरतं छाटून. त्या धोरणाचं काय झालं ते मी रोज ऑफिसला जाताना बघतो.

डोनाल्ड शूप नावाचा अमेरिकन प्राध्यापक आयुष्यभर याच विषयावर लिहीत राहिला. त्याचं म्हणणं, फुकट पार्किंग फुकट नसतं, त्याची किंमत न लावणाऱ्यांकडून वसूल होते. गाडी ९५ टक्के वेळ नुसती उभी असते, हेही त्याने २००५ च्या पुस्तकात मांडलं. मला ते पटतं. बाजारातल्या रस्त्यावर तासाला पैसे घ्यावेत, माझ्याकडूनही. पण त्याआधी बेसमेंट मोकळे करा. जे मंजूर नकाशात गाड्यांसाठी आहे ते गाड्यांना द्या, त्यासाठी नवा कायदा नको. मंजुरीशिवाय वापर बदलला तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस काढता येते. नोटिसा निघतात, बातमी येते, आठवडाभर शटर अर्धी खाली असतात.

इथपर्यंत मी छान बोललो. आता जे बोलायचं टाळत होतो ते.

पप्पांचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान शहरातल्या एका व्यापारी संकुलाच्या लोअर ग्राउंडला आहे. २००१ मध्ये घेतलं. दहा बाय तेरा फूट, म्हणजे एकशे तीस चौरस फूट. साडेबारा चौरस मीटरचे फूट करा, एकशे चौतीस येतात. माझ्या वडिलांचं दुकान बरोबर एका गाडीएवढं आहे. त्या गाळ्यातून माझी इंजिनिअरिंगची फी गेली, चारही वर्षांची. त्या रात्री मी गाळे मोजले, एकतीस भरले. वर रस्त्यावर गिऱ्हाइकांच्या गाड्या दुहेरी लागतात आणि रोज एक तरी भांडण होतं. पप्पा सांगतात, 'आज पुन्हा दोघं भिडले', जसं पावसाबद्दल सांगतात तसं.

मी त्यांना शेतकऱ्याचं वाक्य सांगितलं. ते बराच वेळ बाइंडिंगचा धागा ओवत राहिले. मग म्हणाले, "मी चोरी नाही केली. खरेदीखत आहे, स्टॅम्प ड्युटी भरली, लाइट बिल व्यापारी दराने भरतो. मला कोणी सांगितलं नाही की ही गाड्यांची जागा आहे." मी विचारलं, "तुम्ही विचारलं होतं?" त्यावर त्यांनी मान वर केली नाही.

माझं मत असं की पप्पांसारख्यांवर बुलडोझर घालू नये. विकणारा मोकळा आणि विकत घेणारा रस्त्यावर, असा न्याय मला नको. ज्याने पार्किंग विकलं त्याच्याकडून पैसे वसूल करा, गाळेवाल्यांना मुदत द्या, पर्यायी गाळे द्या. पण जागा गाड्यांचीच आहे. माझ्या फीमुळे ती दुकानाची होत नाही. हे वाक्य लिहायला मला चार महिने लागले.

माहिती अधिकाराचा अर्ज मी पुण्यात बसून लिहिला. दोन इमारतींचे मंजूर नकाशे आणि भोगवटा प्रमाणपत्रं मागितली आहेत. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, ते जळगावात पप्पांनाच आणायला सांगितलं, कोर्टाजवळ मिळतं म्हणून. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "आणलं. दवाखान्याच्या अर्जाला ना?"

"दोन्हीला," मी म्हणालो. "एकाच अर्जात आहे."

मागे झेरॉक्स मशीनचा आवाज चालू होता. "बरं," ते म्हणाले, "मग अर्ज मेल कर. प्रिंट इथेच काढतो."